निद्रेंतील श्वास आणि देहाचा जमाखर्च

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांत हिवरा आश्रम नांवाचें गांव आहे. शुकदास महाराजांनीं तेथें विवेकानंद आश्रमाची स्थापना केली, आणि गांवाच्या नांवालाच आश्रम हा शब्द कायमचा जोडला गेला. दरवर्षीं थंडीच्या दिवसांत तेथें स्वामी विवेकानंदांचा जन्मोत्सव साजरा होतो. लक्षावधि माणसें पंगतींत मांडी घालून बसतात आणि पुरी व वांग्याची भाजी हा महाप्रसाद घेऊन तृप्त होतात. अशा कोणत्याहि मोठ्या उत्सवाच्या रात्रीं, दिवे मालवल्यावर, निजलेल्या यात्रेकरूंमधून कोणी एक फेरी मारली, तर त्याच्या कानावर एक नाद हटकून पडेल. एखादा पोक्त, अंगानें भरलेला गृहस्थ उताणा निजून घोरत असतो. घोरणें चढत चढत जातें आणि एकाएकीं थांबतें. दहा सेकंद, वीस सेकंद, कधीं त्याहूनहि अधिक वेळ कांहींच ऐकूं येत नाहीं. छातीपोट हलत असतें, परंतु नाकातोंडावाटे वारा म्हणून येत-जात नाहीं. मग मोठी धाप लागते, फुत्कार निघतो, गृहस्थ कूस बदलतो आणि घोरणें पुन्हां सुरू होतें. शेजारचीं माणसें हसतात आणि बाबांना गाढ झोप लागली असें म्हणून डोक्यावर पांघरूण ओढून घेतात.

ती गाढ झोप नसते. घशाची वाट झोपेंत मिटते, श्वास अडतो, रक्तांतील प्राणवायु उतरतो, आणि मेंदु क्षणभर जागा होऊन ती वाट पुन्हां उघडतो. असें तासांत पंधरा, तीस, क्वचित् साठ वेळांहि होतें. सकाळीं त्या माणसाला त्यांतलें कांहींएक आठवत नाहीं. फक्त डोकें जड असतें आणि दुपारीं वर्तमानपत्र हातांत असतांना मान खालीं पडते. ह्या विकाराला आजचे वैद्यकशास्त्र स्लीप अ‍ॅप्निया म्हणतें. मराठींत त्याला निद्रेंतील श्वासरोध म्हणतां येईल. ह्या श्वासरोधाचा देहाच्या चयापचयाशीं, म्हणजे अन्नाची ऊर्जा करण्याच्या, ती खर्चण्याच्या आणि उरलेली सांठविण्याच्या व्यवहाराशीं काय संबंध आहे, आणि श्वासरोध दूर केला म्हणजे हा बिघडलेला व्यवहार आपोआप सुधारतो कीं काय, हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचें उत्तर बरेंचसें मिळालें आहे. दुसऱ्याच्या उत्तराचा इतिहास मात्र आशा, घाई, चूक आणि दुरुस्ती अशा वळणांनीं गेलेला आहे, आणि म्हणूनच तो सांगण्याजोगा आहे.

स्थूलपणा, झोप आणि श्वास ह्यांचें कांहींतरी नातें आहे हें भारतीय वैद्यांना फार पूर्वींच जाणवलें होतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत एकविसावा अध्याय आहे. त्यांत प्रथम अतिस्थूल आणि अतिकृश देहांचें विवेचन येतें, आणि त्याच अध्यायांत पुढें निद्रेचा विचार केलेला आहे. हे दोन विषय एकाच अध्यायांत यावेत हा केवळ योगायोग नव्हे. कारण झोपेचा आणि पुष्टीचा संबंध ग्रंथकारानें तेथें स्पष्ट मांडलेला आहे. माधवनिदान हा सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रचलेला ग्रंथ. त्यांत मेदोरोगाचीं लक्षणें सांगतांना धाप, तहान आणि अतिनिद्रा ह्यांच्याबरोबर क्रथन हा एक शब्द आला आहे. श्वासाचा एकाएकीं होणारा अवरोध, असा त्याचा अर्थ करण्यांत येतो. कोणी त्याचा अर्थ घोरणें असाहि करतात. यंत्र नाहीं, मोजमाप नाहीं, केवळ रोग्याच्या उशाशीं बसून पाहणाऱ्या डोळ्यांनीं हें टिपलें, ह्याचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. परंतु कौतुकाबरोबर विवेकहि हवा. स्थूल माणसाला जागरण हितकर, असें चरकाचें मत होतें. आजचें संशोधन ह्याच्या नेमकें उलट सांगतें. झोप तोडल्यानें मेद झडत नाहीं, उलट तो जमण्याला वाव मिळतो. पूर्वजांचें निरीक्षण अचूक असलें म्हणजे त्यांचा उपायहि अचूक असलाच पाहिजे, असें नाहीं.

ज्यांच्या नांवानें हिवऱ्याचा आश्रम उभा आहे त्या स्वामी विवेकानंदांच्या पत्रांत मधुमेह, दमा आणि निद्रानाश ह्या तिन्ही व्याधींचे उल्लेख येतात. ४ जुलै १९०२ रोजीं त्यांचें देहावसान झालें तेव्हां त्यांचें वय अवघें ३९ वर्षांचें होतें. त्यांना श्वासरोधाचा विकार होता असें म्हणण्यास कोणताहि आधार नाहीं, आणि गेलेल्या महापुरुषाची नाडी शंभर वर्षांनंतर तपासणें हा शहाणपणाहि नव्हे. तथापि त्यांच्या पत्रांवरून त्या काळाची असहायता मात्र कळते. इन्शुलिनचा शोध १९२१ सालीं टोरोंटो येथें लागला. विवेकानंदांच्या हयातींत मधुमेहाला पथ्यापलीकडे उपाय नव्हता, आणि झोप न येणें व झोपेंत श्वास अडणें ह्यांतील भेद तर कोणत्याच देशांतील वैद्याला ठाऊक नव्हता.

युरोपांत ह्या विकाराचें पहिलें गाजलेलें चित्र वैद्यकाच्या पुस्तकांत उमटलें नाहीं, तर कादंबरींत उमटलें. चार्ल्स डिकन्स ह्याची पिक्विक पेपर्स ही कादंबरी १८३६-३७ सालीं मासिक भागांनीं प्रसिद्ध झाली. तींत जो नांवाचा एक लठ्ठ मुलगा आहे. तो सारखा खातो आणि उभ्या उभ्या झोपी जातो. पुढें विल्यम ऑस्लर ह्या नामांकित वैद्यानें स्थूल व्यक्तींच्या अनावर झोपेचें वर्णन करतांना ह्याच मुलाचा दाखला दिला. १९५६ सालीं अमेरिकेंत बर्वेल आणि त्याचे सहकारी ह्यांनीं अशाच एका रोग्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि त्या लक्षणसमूहाला पिक्विकचें नांव दिलें. त्यांचा रोगी एक्कावन्न वर्षांचा, अतिशय स्थूल असा व्यापारी होता. पत्ते खेळतांना त्याच्या हातीं तीन एक्के आणि दोन राजे आले. एवढीं भारी पानें हातांत असतांना तो गृहस्थ डाव खेळण्याऐवजीं झोपीं गेला. तेव्हां मात्र आपल्याला कांहींतरी मोठा रोग आहे हें त्याला पटलें आणि तो रुग्णालयांत दाखल झाला. आहार मोजून दिल्यावर त्याचें वजन उतरलें आणि त्याबरोबर त्याची झोपाळू अवस्थाहि गेली. ह्या पहिल्या रोग्याचा उपाय वजन उतरविणें हा होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवावयाची आहे. कारण ह्या इतिहासाचें चाक फिरून पुन्हां तेथेंच येतें.

बर्वेलच्या वेळीं एक समजूत अशी होती कीं, श्वास उथळ चालल्यामुळें रक्तांत कर्बद्विप्राणिल वायु सांचतो आणि त्याच्या गुंगीनें रोगी झोपतो. झोपेंत प्रत्यक्ष काय घडतें हें कोणी पाहिलेंच नव्हतें. मेंदूचे विद्युत्तरंग टिपण्याची रीत हान्स बर्गर ह्यानें १९२९ सालीं प्रसिद्ध केली होती. १९५३ सालीं शिकागो येथें ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन ह्यांनीं झोपेंतील जलद नेत्रचलनाची अवस्था ओळखली होती. हींच साधनें घेऊन १९६५ च्या सुमारास फ्रान्समध्यें मार्सेय येथील गास्तो आणि त्याचे सहकारी, तसेच जर्मनींत युंग आणि कूलो, हे रात्रभर अशा रोग्यांच्या उशाशीं बसले. तेव्हां खरा प्रकार उघड झाला. श्वास मंदावत नव्हता, तो थांबत होता. आणि दिवसाची झोप ही गुंगी नसून रात्रीं शेंकडों वेळां मोडलेल्या झोपेची भरपाई होती. १९६९ सालीं कूलोनें गळ्याला खालून छिद्र पाडून श्वासाची दुसरी वाट करून दिली आणि रोगी बरे झाले. घसा हाच अडथळ्याचा ठिकाणा आहे हें ह्या शस्त्रक्रियेनें सिद्ध झालें. १९७६ मध्यें स्टॅनफर्ड येथील गिलेमिनॉ ह्यानें स्लीप अ‍ॅप्निया हें नांव रूढ केलें. दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास बंद पडला तर तो श्वासरोध समजावा, असा दंडकहि ठरला. तासाला पांचपर्यंत अडथळे सामान्य समजतात. पांच ते पंधरा हा सौम्य विकार, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या वर तीव्र.

परंतु जन्मभर गळ्याला छिद्र घेऊन वावरण्यास कोण तयार होणार? ही अडचण ऑस्ट्रेलियांत सिडनी येथील कॉलिन सलिव्हन ह्यानें सोडविली. १९८० सालीं गळ्याची शस्त्रक्रिया नाकारणारा एक रोगी त्याच्यापुढें होता. सलिव्हननें कचरा ओढणाऱ्या यंत्राच्या जातीचा एक पंखा घेतला, नाकावर बसेल असा साचा केला, आणि मंद दाबाचा वारा नळीनें अखंड घशांत सोडला. त्या वाऱ्याच्या आधारानें घशाच्या भिंती मिटेनातशा झाल्या, आणि रोगी कित्येक वर्षांत प्रथमच निवांत झोपला. पांच रोग्यांवरील ह्या प्रयोगाचा वृत्तान्त १९८१ सालीं लॅन्सेट ह्या पत्रांत आला. आज जगभर सीपॅप म्हणून जें यंत्र वापरतात त्याचा जन्म हा असा झाला. त्यांत औषध नाहीं, प्राणवायूची टाकीहि नाहीं. आहे तो केवळ खोलींतलाच वारा, दाब देऊन सोडलेला. तंबूच्या कापडाला आंतून टेकू द्यावा तसा तो घशाला टेकू देतो.

आतां देहाच्या जमाखर्चाकडे वळावें. अन्न ही जमा. उष्णता, हालचाल, श्वास आणि हृदयाचे ठोके हा खर्च. आणि चरबी ही शिल्लक. जेवणानंतर रक्तांत आलेली साखर पेशींच्या कोठारांत घालण्याचें काम इन्शुलिन करतें. श्वासरोधाच्या प्रत्येक झटक्याला देह संकट समजतो. रक्तांतील प्राणवायु उतरला कीं अनुकंपी मज्जासंस्था खवळते, अ‍ॅड्रेनॅलिन वाढतें, हृदय धडधडतें, रक्तदाब चढतो. संकटांत पळावें लागेल म्हणून यकृत साखर बाहेर काढतें, चरबीच्या पेशी मेदाम्लें रक्तांत सोडतात, आणि इन्शुलिनचा हुकूम पेशी पूर्वीइतका मानीत नाहींत. वाघ पाहिल्यावर हें घडलें तर तें जीव वाचवितें. पण येथें वाघ नाहीं, पळणेंहि नाहीं. गादीवर निजलेल्या माणसाच्या अंगांत हें रात्रभर, शेंकडों वेळां, वर्षानुवर्षें घडतें. काढलेली साखर वापरली जात नाहीं. सोडलेला मेद यकृतांत आणि स्नायूंत जाऊन बसतो. १९९९ मध्यें शिकागो येथें ईव्ह वॅन कॉटर आणि तिचे सहकारी ह्यांनीं अकरा निरोगी तरुणांना सहा रात्रीं केवळ चारच तास झोपूं दिलें. तेवढ्यानें त्यांच्या देहाची साखर पचविण्याची शक्ति लक्षांत येण्याजोगी घटली. नुसत्या अपुऱ्या झोपेचा हा परिणाम, तर झोप मोडून वर श्वासहि अडला म्हणजे काय होईल ह्याची कल्पना करावी.

ह्या विकाराची व्याप्तिहि ह्याच काळांत कळून आली. १९९३ सालीं अमेरिकेच्या विस्कॉन्सिन प्रांतांतील तपासणींत, कामावर जाणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांपैकीं शेंकडा ४ आणि स्त्रियांपैकीं शेंकडा २ ह्यांना लक्षणांसह हा विकार आढळला. हा श्रीमंत पाश्चात्यांचा रोग आहे, असें आपल्याकडे म्हणण्याची सोय होती. ती मुंबईनें नाहींशी केली. २००४ सालीं मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं ३५ ते ६५ वर्षें वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत शेंकडा १९.५ पुरुषांचें झोपेंतील श्वसन बिघडलेलें होतें आणि शेंकडा ७.५ जणांना दिवसाच्या झोपेसह पूर्ण विकार होता. लोक मुंबईचे, पण प्रमाण विस्कॉन्सिनहून अधिक. हा आंकडा मराठी मुलखाच्या राजधानींतला आहे हें विसरूं नये.

त्याच वर्षीं जर्मनींतून आलेल्या एका वृत्तानें आशेला पंख फुटले. हार्श आणि त्याचे सहकारी ह्यांनीं श्वासरोधाच्या चाळीस रोग्यांना सीपॅपचें यंत्र लावलें आणि अवघ्या दोन दिवसांत त्यांच्या देहाची इन्शुलिनला प्रतिसाद देण्याची शक्ति सुधारलेली आढळली. वजन जसेंच्या तसें असतांना हें घडलें. मात्र त्यांत एक बारीक खोंच होती. जे रोगी फार स्थूल नव्हते त्यांना लाभ अधिक झाला. फार स्थूल रोग्यांना थोडाच. आशेच्या भरांत ही खोंच पुष्कळांच्या नजरेंतून सुटली. २००८ मध्यें आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानें मधुमेही रोग्यांत श्वासरोधाचा शोध घ्यावा असें आवाहन केलें. ती सूचना योग्यच होती. परंतु यंत्र लावलें कीं मधुमेह आटोक्यांत येईल अशी एक समजूत तिच्याबरोबर हळूहळू पसरूं लागली.

समजुतीची परीक्षा करण्याचा एकच मार्ग आहे. कांहीं रोग्यांना खरें यंत्र द्यावयाचें आणि कांहींना दिसावयास तसेंच, पण उपयोगाचा दाब नसलेलें यंत्र द्यावयाचें, आणि मग मोजावयाचें. ऑक्सफर्ड येथें २००७ सालीं ४२ मधुमेही पुरुषांवर तीन महिने असा प्रयोग झाला. खऱ्या यंत्रानें दिवसाची झोप कमी झाली, पण साखरेच्या प्रमाणांत दोन गटांत फरक पडला नाहीं. अशा वेळीं २०११ च्या अखेरीस दिल्लींतील एका वैद्यकीय संस्थेचा लेख अमेरिकेंतील अग्रगण्य वैद्यकीय पत्रांत झळकला. ८६ रोग्यांना तीन महिने खरें आणि तीन महिने खोटें यंत्र देण्यांत आलें होतें. खऱ्या यंत्रानें रक्तदाब, रक्तांतील मेद, पोटावरची चरबी अशा बहुतेक सर्व गोष्टी सुधारल्या असें त्यांत म्हटलें होतें. चयापचयाचा एकत्रित बिघाड शेंकडा १३ जणांत नाहींसा झाला, खोट्या यंत्रानें शेंकडा एकांतच, असा तो निष्कर्ष होता. भारतीय रोग्यांवर भारतीय वैद्यांनीं केलेलें हें काम म्हणून त्याचा मोठा गौरव झाला, आणि येथील वैद्य तो दाखला रोग्यांना देऊं लागले.

दोन वर्षांनीं, २०१३ सालीं, तोच लेख मागें घेण्यांत आला. मूळ माहितींत दोष निघाले, आणि ते इतके होते कीं निष्कर्ष टिकूं शकेनात. ही घटना लाजिरवाणी म्हणून झांकून ठेवण्याकडे साहजिक कल होतो. परंतु नीट पाहिलें तर तींत दोन गोष्टी आहेत. चूक होणें ही एक, आणि ती उघडपणें, ज्या पानांवर गौरव झाला त्याच पत्राच्या पानांवर नोंदविली जाणें ही दुसरी. शाळेंतील मुलाच्या वहींत उत्तर खोडलेलें दिसलें म्हणजे कोणताहि समंजस शिक्षक त्याला मारीत नाहीं. खोडून खालीं बरोबर उत्तर लिहिलें आहे कीं नाहीं एवढेंच तो पाहतो.

बरोबर उत्तर पुढील वर्षांत लिहिलें गेलें. २०१४ सालीं फिलाडेल्फिया येथील संशोधकांनीं १८१ स्थूल रोग्यांचे तीन गट केले. एकाला यंत्र, दुसऱ्याला वजन उतरविण्याचा कार्यक्रम, तिसऱ्याला दोन्ही. चोवीस आठवड्यांनंतर इन्शुलिनला होणारा विरोध आणि रक्तांतील मेद हे वजन उतरविणाऱ्यांत कमी झाले. नुसत्या यंत्रानें ते कमी झाले नाहींत. रक्तदाबाच्या बाबतींत मात्र ज्यांनीं दोन्ही उपाय मन लावून केले त्यांना सर्वांत अधिक लाभ झाला. २०१५ मध्यें शिकागो येथें आणखी एक धागा हातीं लागला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३९ जणांना प्रयोगशाळेंत निजवून, ज्यांना यंत्र दिलें त्यांनीं तें रोज पूर्ण आठ तास वापरावें अशी व्यवस्था केली. तेव्हां दोन आठवड्यांत साखरेचा निचरा सुधारला. म्हणजे यंत्र अगदींच निष्फळ नव्हे. अर्ध्या रात्रीं मुखवटा काढून फेंकणाऱ्याला त्याचें फळ मिळत नाहीं एवढेंच. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या, भारतासह सात देशांतील २७०० हून अधिक रोग्यांच्या मोठ्या चांचणींत यंत्राचा सरासरी वापर रात्रीं केवळ ३.३ तास होता. तेथें हृदयविकार आणि पक्षाघात टळले नाहींत, पण दिवसाची झोप कमी झाली, मन प्रसन्न राहिलें आणि कामावरील गैरहजेरी घटली.

ह्याच वर्षीं जपानांत क्योतो येथून आलेली बातमी तर सामान्य माणसाला चकित करणारी होती. ६३ रोग्यांना तीन महिने यंत्र दिल्यावर त्यांचें विश्रांतीच्या अवस्थेंतील ऊर्जेचें खर्चमान थोडें खालीं आलें, आणि कित्येकांचें वजन वाढलें. इतरत्रच्या प्रयोगांची बेरीज केली असतांहि यंत्रानें वजन कमी न होतां सरासरी अर्धा किलो वाढतें, असें आढळलें होतें. हें विपरीत वाटतें. पण जमाखर्चाची वही उघडली कीं कोडें सुटतें. रात्रभर बंद घशाविरुद्ध छाती ओढण्यांत आणि भयभीत मज्जासंस्थेच्या धांवपळींत जी ऊर्जा जळत होती, ती श्वास मोकळा झाल्यावर वांचली. खर्च उतरला, आणि जमा मात्र पूर्वीचीच राहिली, म्हणजे ताटांतली पोळी आणि भात कमी झाला नाहीं. तर शिल्लक वाढणारच. ज्यांचें वजन वाढलें त्यांचें खाणें अधिक होतें, हेंहि क्योतोच्या नोंदींत दिसून आलें. यंत्रानें रोग्याला शांति दिली. शिस्त लावण्याचें काम त्याचें त्यालाच करावयाचें होतें.

महाराष्ट्रांतील माणसाला ह्या वहींत आणखी एक पान जोडून घ्यावें लागतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि बालकें ह्यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. वजनानें लहान, तरी त्वचेखालची चरबी मात्र पुण्याच्या बालकानें बरीचशी राखलेली! पुढें २००४ सालीं याज्ञिक ह्यांनीं आपलें आणि आपले इंग्रज मित्र युडकिन ह्यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. उंचीच्या मानानें दोघांच्या वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, पण देहांतील चरबी युडकिनची शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांची शेंकडा २१.२. वरून सडपातळ दिसणारा भारतीय आंतून मेदस्वी असूं शकतो, हा त्याचा अर्थ. म्हणून आपल्या घरांतला घोरणारा मनुष्य कादंबरींतल्या त्या जोसारखा अगडबंब नाहीं, एवढ्यावरून निश्चिंत होतां येत नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें भारतांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोक मधुमेही आहेत. त्यांतील कितीजणांचा श्वास रात्रीं अडत असेल ह्याचा विचार वैद्यानें आणि घरच्यांनीं दोघांनींहि करावा.

आणि आतां चाक फिरून आरंभाच्या जागीं येतें. वजन आणि श्वासरोध ह्यांचें प्रमाण विस्कॉन्सिनच्याच संशोधकांनीं २००० सालीं मांडलें होतें. चार वर्षांत वजन दहा टक्के वाढलें तर श्वासरोधाचे झटके सुमारें ३२ टक्क्यांनीं वाढतात, आणि दहा टक्के उतरलें तर सुमारें २६ टक्क्यांनीं उतरतात. २०२४ सालीं टिर्झेपटाइड ह्या आठवड्यांतून एकदां टोंचण्याच्या औषधाची चांचणी ४६९ स्थूल रोग्यांवर झाली. वर्षभरांत त्यांचें वजन पुष्कळ उतरलें आणि श्वासरोधाचे झटके तासाला सुमारें २५ ते २९ नीं कमी झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें स्थूल व्यक्तींतील मध्यम आणि तीव्र श्वासरोधासाठीं तें मान्य केलें. १९५६ सालीं त्या पत्ते खेळणाऱ्या व्यापाऱ्याला जो उपाय लागू पडला, तोच नव्या वेषांत परत आला. औषध महाग आहे, तें सोडलें कीं वजन पुन्हां चढूं लागतें, आणि तें घ्यावें कीं नाहीं हें वैद्यानेंच ठरवावें. पण त्यानें एक गोष्ट निःसंशय केली. श्वासरोध चयापचय बिघडवितो, आणि बिघडलेला चयापचय चरबी वाढवून घसा आणखी अरुंद करतो. हें चक्र आहे. चक्र एकाच ठिकाणीं धरून थांबत नाहीं. तें दोन्ही बाजूंनीं धरावें लागतें.

मग यंत्राला कांहीं मोल नाहीं काय? तसें मुळींच नाहीं. हिवरा आश्रमाच्या मेहकर तालुक्यांतूनच नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला. सरळ, एकसुरी, मैलोगणती न वळणारा असा तो रस्ता. अशा रस्त्यावर चालकाची पापणी दोन सेकंद मिटली तर काय होतें हें सांगावयास नको. ज्या चालकाची झोप रोज रात्रीं शेंकडों ठिकाणीं तुटते त्याला दिवसां जागें ठेवणारा उपाय, साखर उतरवो वा न उतरवो, त्याचे आणि त्याच्यामागें बसलेल्यांचे प्राण राखतो. रक्तदाब सरासरी दोन-तीन अंशांनीं उतरतो, घरांत इतरांना झोप मिळते, स्वभावांतील चिडखोरपणा जातो. हे लाभ लहान नव्हेत. यंत्राकडून मागावें तें हेंच. मधुमेहाची गोळी बंद करण्याचें आश्वासन त्याच्याकडून मागूं नये, आणि कोणी तें दिलें तर विश्वास ठेवूं नये.

घरच्या माणसांचें काम ह्याहून सोपें आणि अधिक मोलाचें आहे. झोपलेल्याला स्वतःचा श्वासरोध कधींच ऐकूं येत नाहीं. तो ऐकते ती पत्नी, आई किंवा खोलींत निजलेलें नातवंड. घोरणें मध्येंच थांबून धापेनें सुरू होत असेल, दिवसां बसल्या जागीं डुलकी लागत असेल, रक्तदाब औषधांना दाद देत नसेल, तर ही गोष्ट हंसण्यावारी न नेतां वैद्याच्या कानावर घालावी. झोपेची तपासणी आतां घरींहि होऊं शकते. यंत्र मिळालें तर तें रात्रभर वापरावें, आणि त्याच दिवसापासून ताटांतली एक पोळी आणि दिवसांतला एक फेरफटका ह्यांचाहि हिशोब ठेवावा.

उत्सवाच्या मंडपांत पुढल्या वर्षीं पुन्हां कोणीतरी घोरेल, आणि मध्येंच गप्प होईल. त्या शांततेंत एक माणूस आपल्याच गळ्याशीं झुंजत असतो. शेजाऱ्यानें तेव्हां पांघरूण डोक्यावर ओढून घेण्याऐवजीं सेकंद मोजावेत, आणि सकाळीं पंगतीला बसण्यापूर्वीं, हसूं न करतां, तें त्याला सांगावें.